देह म्हणजे वस्त्र नव्हे

जुने वस्त्र टाकून नवे ल्यावे, तसा आत्मा जीर्ण देह टाकून नवा धारण करतो, ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायाची शिकवण मराठी मनात खोल मुरली आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञांनी मात्र देहाकडे वेगळ्या नजरेने पाहिले, आणि सतराव्या शतकात त्यांचा वारसा मराठी ओवीपर्यंत पोचला.

या परंपरेच्या उगमाशी संत ऑगस्टीन (३५४–४३०) उभे आहेत. प्लेटोच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता; आत्मा देहावर सत्ता चालवतो, असे ते मानत. पण देहाचा तिरस्कार त्यांनी नाकारला. स्मृती, आकलन आणि इच्छा या मनाच्या तीन शक्तींत त्यांना त्र्येक परमेश्वराचे प्रतिबिंब दिसले.

बाराव्या-तेराव्या शतकांत ॲरिस्टॉटलचे ग्रंथ इब्न सिना आणि इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञांच्या विवेचनासह लॅटिनमध्ये आले आणि पॅरिस विद्यापीठात खळबळ उडाली. इब्न रुश्दच्या भाष्यावरून काही अध्यापक म्हणू लागले, की सर्व माणसांची बुद्धी एकच आहे. थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी १२७० साली त्याविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचा युक्तिवाद साधा आहे: विचार करतो तो हाच, समोरचा माणूस. बुद्धी त्याची स्वतःची नसेल, तर विचार त्याने केला असे म्हणताच येणार नाही.

अक्वायनस यांच्या मते आत्मा हे देहाचे घडवणारे तत्त्व आहे. झाड वाढते, जनावर वाढते आणि पाहते-ऐकतेही, माणूस हे सारे करून वर विचार करतो. पण त्यासाठी त्याच्यात तीन आत्मे नसतात, एकच आत्मा ही सगळी कामे करतो. म्हणून आत्मा गेला की प्रेताचा डोळा नावापुरताच डोळा असतो. आत्मा मरणानंतर उरतो. मात्र नुसता आत्मा म्हणजे पुरता माणूस नव्हे. म्हणूनच देहासह पुनरुत्थानाची आशा या विचाराला इतकी जवळची वाटते.

हे मत सर्वांनी लगेच स्वीकारले नाही. १२७७ साली पॅरिसच्या बिशपांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली. पुढे डन्स स्कोटस यांनी इच्छेच्या स्वातंत्र्यावर भर दिला. मात्र १३१२ साली व्हिएनच्या धर्मपरिषदेने विवेकी आत्मा हेच देहाचे घडवणारे तत्त्व असल्याचे अधिकृतपणे सांगितले.

पुढे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाने धर्मशास्त्रासाठी अक्वायनस यांनाच प्रमाण मानले होते. त्या संघाचे इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. सासष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी जवळपास अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले; ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आदामाच्या निर्मितीपासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा त्यात आहे. वस्त्राचे रूपक ऐकत आलेल्या समाजाला त्यांनी मातीतून घडलेल्या माणसाची आणि थडग्यातून देहासह उठलेल्या प्रभूची गोष्ट सांगितली, तीही पुराणाच्याच चालीवर.

या विचाराचे मोल मला त्याच्या आचरणात दिसते. अक्वायनस यांनी दयेच्या सात शारीरिक कृत्यांचे विवेचन केले: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची सुटका, मृताचे दफन. देह हा माणसाचाच भाग असेल, तर भुकेल्याचे पोट भरणे हीदेखील संपूर्ण माणसाचीच सेवा ठरते.