त्यांचा देव कोणता म्हणे?

भगिनींनो, खरं सांगा. दुपारची झाकपाक झाली, दोघीतिघी सुपं घेऊन ओट्यावर निवडायला बसल्या, की ‘अगं ऐकलंस का, ती अमकी नटी म्हणे आता चर्चमध्ये जाते!’ असं एखादं वाक्य निघतंच की नाही? कुणाचं लग्न, कुणाचे दागिने, हे विषय एका दुपारीत संपतात. कुणाचा देव कोणता, हा मात्र संपत नाही. त्याला पुरावा लागत नाही ना! पूर्वी हे सिनेमाच्या मासिकांतून यायचं, आता मोबाईलवर येतं, इतकंच.

ही खोड आपल्याच आळीची आहे असं समजू नका. अमेरिकेत एल्व्हिस प्रेस्ले नावाचा गायक होता, १९७७ साली वारला. त्याच्यामागे बरीच वर्षं बोलणं चालू होतं, की शेवटी शेवटी तो मॉर्मन होणार होता. मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथनं १८३० साली काढलेला पंथ. दारू नाही, तंबाखू नाही, कॉफी नाही, आणि चहासुद्धा नाही. (आपल्याकडे हा पंथ चहापाशीच अडला असता!) त्यांच्या धर्मग्रंथाची एक प्रत सापडली, समासात जागोजाग टिपणं, आणि ती म्हणे एल्व्हिसच्या हातची. झालं, लोकांना आणखी काय हवं? पुढे खुद्द त्या पंथाच्याच ग्रंथालयातल्या माणसांनी अक्षर ताडून पाहिलं, तर ते एल्व्हिसचं नव्हतंच. आपला माणूस म्हणून मिरवायची आयती संधी असताना त्यांनी खरं ते छापलं, हे मला फार आवडलं.

पण इतक्या लांब कशाला जायचं? मानवत रोड स्टेशनवर उतरून पाथरीला जाणारे साईभक्त तुम्ही पाहताच. शिर्डीच्या साईबाबांइतकी ‘हा कोणत्या धर्माचा’ ही चौकशी आपल्या मुलखात दुसऱ्या कुणाची झाली असेल असं वाटत नाही. बाबा मशिदीत राहायचे, तोंडी अल्लाचं नाव, म्हणून कुणी म्हणे मुसलमान. कान टोचलेले, मशिदीत धुनी पेटती, अंगणात तुळस, म्हणून कुणी म्हणे हिंदू. आणि त्या मशिदीला बाबा स्वतः द्वारकामाई म्हणत! शिर्डीत १८९७ साली उरूस सुरू झाला तो रामनवमीच्या दिवशी, आणि १९१२ पासून त्याच दिवशी रामजन्मही होऊ लागला. कुणी धर्म विचारलाच, तर बाबा कबिराचं नाव सांगत, असं भक्त सांगतात. आता यातून काढा काय काढायचं ते.

१५ ऑक्टोबर १९१८ ला, दसऱ्याच्या दिवशी, बाबा गेले, तेव्हा देह कुठे ठेवायचा यावरून गावात दोन तट पडले. शेवटी बुट्टींच्या वाड्यात समाधी झाली. पुढे १९७५ च्या सुमारास वि. बा. खेर यांनी पाथरीत येऊन शोध घेतला आणि बाबा तिथल्या भुसारी नावाच्या ब्राह्मण घराण्यातले असावेत असं मत मांडलं. ‘असावेत’ हा शब्द लक्षात ठेवा हं. कारण तो पुढे कुणीच लक्षात ठेवला नाही. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी जाहीर केले, पाथरीचा उल्लेख जन्मस्थान म्हणून झाला, आणि शिर्डी बंद! जो माणूस आयुष्यभर ठावठिकाणा सांगायचा टाळत आला, त्याच्या ठावठिकाण्यासाठी शंभर वर्षांनी दुकानांची शटरं खाली. बोलणं ओट्यावर असतं तोवर करमणूक असते. त्यात पैसा आणि मान शिरला, की असं होतं.

आणि मानवतकरणींना हे मी काय सांगणार? १९७२ ते ७४ मधल्या त्या खुनांना पन्नास वर्षं होऊन गेली. तरी परगावी ‘माहेर मानवत’ म्हटलं की समोरचीचे डोळे मोठे होतात. २०२४ साली त्यावर मालिका आली तेव्हा पुन्हा तेच. गावाला चिकटलेलं बोलणं जर इतकं टिकतं, तर एकट्यादुकट्या बाईला चिकटलेलं किती टिकत असेल?

परवीन बाबीचंच पाहा ना. जन्मानं मुसलमान, पुढे आपण ख्रिस्ती झालो असं तिनं स्वतःच सांगितलेलं होतं. जानेवारी २००५ मध्ये ती मुंबईत राहत्या घरात गेली आणि दोनतीन दिवस कुणाला पत्ता नव्हता. नंतर नातलग आले आणि दफन मुसलमानी रीतीनं झालं. जिच्या देवाची चर्चा सगळ्यांनी केली, तिच्या दाराची कडी वाजवायला कुणी नव्हतं.

आता धर्मेंद्र आणि हेमामालिनी. १९८० साली त्यांचं लग्न झालं. त्याची पहिली पत्नी घरात होती, म्हणून दोघांनी इस्लाम स्वीकारून निकाह लावला अशी बातमी उठली. २००४ च्या निवडणुकीत ती पुन्हा उकरली गेली आणि धर्मेंद्रनं ती साफ नाकारली. खरंखोटं त्यांचं त्यांना. मला काळजी दुसरीच वाटते. या एका वावडीनं गावोगावच्या नवऱ्यांना आणि बायकांनाही वाटू लागलं, की धर्म बदलला की दुसरं लग्न कायदेशीर होतं. ‘सिनेमात नाही का केलं?’ असं छातीठोकपणे सांगणारे पुरुष मी स्वतः ऐकले आहेत, आणि मान खाली घालून ते खरं मानणाऱ्या बायकाही.

बाई गं, ते खरं नाही! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं झालेलं लग्न नवऱ्यानं नाव बदललं, टोपी घातली म्हणून तुटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सरला मुदगल खटल्यात स्पष्ट सांगितलं, की पहिलं लग्न कायम असताना धर्म बदलून केलेलं दुसरं लग्न रद्दबातल, आणि तो गुन्हाही आहे. सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उलट, त्यानं धर्म बदलला म्हणून घटस्फोट मागायचा हक्क कुणाचा? तर पत्नीचा! मागायचा की नाही हे तिनं ठरवायचं, सासूनं नाही नि शेजारणीनंही नाही.

तेव्हा नटीच्या गळ्यात क्रॉस दिसला की ताईत, यावर घटकाभर बोला हवं तर, मीही बोलते. पण गल्लीतली कुणी नवऱ्याच्या अशा धमकीनं गप्प बसली असेल, तर तिला एवढं सांगा: पोटगी, दुसरं लग्न, काहीही असो, वकिलाच्या पैशांसाठी अडू नको. १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. परभणीला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो. जाताना लग्नाची पत्रिका, फोटो आणि रेशनकार्डाची प्रत तेवढी बरोबर असू द्या.