नाचाखाली दबलेला दर्या

हृदयनाथ मंगेशकरांच्या कामाचा हिशेब मांडायला बसलं की आपण ज्ञानेश्वरीपाशी थांबतो, मीरेपाशी रेंगाळतो, ‘शिवकल्याण राजा’बद्दल भरभरून बोलतो. ‘जैत रे जैत’वर तर अजूनही लिहिलं जातं. कोळीगीतांची पाळी येते ती अगदी शेवटी, तीही ‘शिवाय काही लोकप्रिय कोळीगीतं’ एवढ्या ओझरत्या उल्लेखापुरती. पन्नासहून जास्त वर्षं झाली या गाण्यांना. ‘मी डोलकर’, ‘वादळवारं सुटलं गो’ आणि ‘राजा सारंगा’ ही त्यातली तीन. उरणच्या मोऱ्यापासून खाली श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर ती पाठ नाहीत असं पोर सापडणं कठीण. पण त्यांचं मोल नीट जोखलं गेलेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

त्याला स्नेहसंमेलनं कारण आहेत. चौकड्यांचा रुमाल कमरेला, हातात पुठ्ठ्याचं वल्हं, मुलींच्या केसांत कागदी गजरे, आणि स्पीकरवर ‘मी डोलकर’. पिढ्यानपिढ्या हे चाललं आहे. नाचायला सोपं म्हणून गाणं हलकं, असा शिक्का आपसूक बसला.

आता ते गाणं बसून ऐका. शब्द शांता शेळके यांचे. त्या जन्मल्या इंदापुरात, घडल्या मंचर-पुण्याकडे, म्हणजे घाटावरच्या. हृदयनाथांचा जन्म सांगलीचा. लताबाईंसोबत गाणारे हेमंतकुमार तर बंगाली. यांतला एकही जण कोळीवाड्यातला नाही. तरी शांताबाईंनी बोलीचा कान असा पकडला आहे, की ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ड’चा ‘र’ कुठे लावल्यासारखा वाटत नाही. हेमंतकुमारांच्या त्या खर्जाच्या आवाजाला पाण्याचं वजन आहे. कोळीपण मिरवण्यासाठी ते आवाज वेडावाकडा करत नाहीत. नंतरच्या कित्येक गायकांना हा संयम जमला नाही.

उणिवाही आहेत, आणि त्या सांगायलाच हव्यात. डोल म्हणजे भर पाण्यात खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं लांबलचक जाळं. त्याचं तोंड प्रवाहाकडे असतं. भरती-ओहोटीच्या ओढीवर बोंबील, मांदेली, जवळा आपोआप आत येतो आणि पाणी थबकलं की जाळं वर घ्यायचं. रापण हे निराळं काम. होडीतून जाळ्याचा वेढा टाकायचा आणि पुळणीवरून पंचवीस-तीस हातांनी ओढायचा. गाण्यातला डोलकर मात्र रापणही टाकतो. दुसरी चूक जास्त सलते. तो ताजं म्हावरं भरून स्वतःच बाजारात नेतो. अलिबागचा बाजार घ्या नाहीतर मुरूडचा, पाटीमागे बसून भाव ठरवणारी, गिऱ्हाइकाला गप्प करणारी आणि घराचा पैसा हातात ठेवणारी कोळीणच असते. गाण्यात तिच्या वाट्याला नथ, चाफा आणि पुनवेचा नाच आला. तिचा धंदा शांताबाईंच्या नजरेतून सुटला.

पण त्याच गाण्यात एक कडवं दर्याच्या दराऱ्याचं आहे. लाटा डोंगराएवढ्या होतात, वारा शिडाला फाडू बघतो, तारू पाण्यातून आभाळाला भिडतं आणि घरी कुणीतरी वाट बघत झुरत असतं. या ओळींवरही आपण तसेच नाचत राहतो! हृदयनाथांनी ताल मोडलेला नाही, कारण वल्हं मारणाऱ्यालाही तो मोडता येत नाही. भीती तालाच्या आतच ठेवली आहे.

‘वादळवारं’मध्ये तीच भीती पूर्ण गाणं व्यापते. एकटी बाई, बाहेर पाऊस, आणि तिच्या माणसानं होडी पाण्यात लोटलेली. शांताबाईंनी ओळींचे बारके तुकडे केले आणि यमकं लागोपाठ ठेवली. लताबाई ते तुकडे असे घेतात की श्वास पुरत नाही असं वाटावं. चाल ठसकेबाज आहे, म्हणून आपण फसतो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं तेव्हा मासेमारीचा हंगाम ऐन भरात होता, होड्या बाहेर होत्या. कोकणच्या किनाऱ्यावरचे कितीतरी खलाशी परतले नाहीत. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. तेव्हा इशारे आधी मिळाले, बहुतेक होड्या किनाऱ्याला लागल्या, आणि मार बसला तो घरांना, श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना. हे पाहिलेल्या माणसाला ‘वादळवारं’ नाचाचं गाणं वाटणार नाही.

नंतर १९७६ मध्ये ‘हा खेळ सावल्यांचा’साठी हृदयनाथांनी सुधीर मोघ्यांच्या शब्दांवर ‘गोमू संगतीनं’ केलं. गायला पुन्हा हेमंतकुमार, सोबत आशाबाई. ते गोड आहे, खट्याळ आहे, पण त्यात दर्याचा धाक नाही. पुढे कॅसेटींचा काळ आला, मग हळदीच्या रात्रीचा डीजे. इकडे किनाराही बदलला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, वल्ह्यांची जागा इंजिनांनी घेतली. आज उरण-पनवेलची पोरं आगरी-कोळी गाणी स्वतः लिहितात, स्वतः चित्रित करतात. त्यांच्या गाण्यात त्यांचं स्वतःचं गाव असतं, आणि ते व्हायलाच हवं होतं. फक्त वादळ आता क्वचितच ऐकू येतं.

ही तीन गाणी एकदा ओळीनं लावा. आधी ‘मी डोलकर’, मग ‘वादळवारं’, शेवटी ‘राजा सारंगा’, जिथे ती त्याला घरी चल म्हणते. निघणं, वादळ आणि परतीची हाक अशी एक सलग गोष्ट उभी राहते. हृदयनाथ आणि शांताबाई या जोडीचं नाव निघालं की आपण ‘जिवलगा’ आणि ‘ही वाट दूर जाते’ यांना मान देतो. माझ्या लेखी ‘वादळवारं’ त्याच पंक्तीतलं आहे, आणि त्याला ती जागा द्यायला आपण फार उशीर केला आहे.