मुलाच्या मापाची गोळी

औषधाचा कारखाना एकाच मापाच्या लाखो गोळ्या काढतो आणि मोठ्या माणसांचे त्यावर बहुधा भागते. मुलांचे भागत नाही. तीन किलोचे तान्हे बाळ आणि पन्नास किलोची किशोरवयीन मुलगी या दोघांनाही बालरोगतज्ज्ञच तपासतो, आणि औषधाची मात्रा बहुतेकदा वजनावर ठरते. मग मोठ्यांची गोळी मोडायची, कुटायची, पुड्या बांधायच्या. मोडलेल्या गोळीचे दोन तुकडे सारखे असतीलच असे नाही, आणि कडू पूड मुलाने थुंकली तर पोटात किती गेली हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मुलांच्या औषधात चव हा लाडाचा भाग मानणे चूक आहे. थुंकलेले औषध म्हणजे चुकलेली मात्राच. थ्रीडी प्रिंटरने केलेल्या औषधाचे मोल याच कसोटीवर ठरवायला हवे.

या कसोटीला उतरलेले एक उदाहरण स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथील विद्यापीठ रुग्णालयाचे आहे. मेपल सिरप युरिन डिसीज या दुर्मीळ आनुवंशिक आजारात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्ले शरीराला नीट पचवता येत नाहीत. ल्युसिन साचले की मेंदूला इजा होते, म्हणून आहारातील प्रथिने कडक मापात ठेवावी लागतात. पण त्यामुळे आयसोल्युसिन कमी पडते आणि ते वेगळे द्यावे लागते. ते चवीला कडू, आणि मात्रा रक्ततपासणीनुसार सतत बदलणारी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून उभी राहिलेली फॅबआरएक्स ही कंपनी आणि हे रुग्णालय यांनी मिळून त्याच्या चघळायच्या गोळ्या छापल्या. 3 ते 16 वर्षांच्या चार मुलांवर सहा महिने चाललेला हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने तयार केलेले औषध आणि छापील गोळ्या, दोन्ही प्रकार त्याच मुलांना आळीपाळीने दिले. रक्तातील पातळी दोन्हींनी आटोक्यात राहिली. मात्र छापील गोळ्यांनी ती लक्ष्याच्या अधिक जवळ राहिली आणि चढउतारही कमी झाले. गोळ्यांचे स्वाद आणि रंग मुलांनी आवडीने स्वीकारले.

यंत्राचे काम समजायला सोपे आहे. औषध, साखर, पेक्टिन, स्वाद आणि रंग यांचा दाट लगदा सिरिंजमध्ये भरतात आणि संगणकाच्या आज्ञेनुसार तो थरावर थर सोडला जातो. मात्रा वाढवायची तर गोळीचा आकार वाढवायचा. साचा बदलावा लागत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण नुसते छापले म्हणून औषध त्या मुलाच्या मापाचे होत नाही. अमेरिकेने 2015 मध्ये मंजूर केलेली अपस्माराची स्प्रिटाम ही जगातली पहिली मान्यताप्राप्त छापील गोळी. घोटभर पाण्यात ती चटकन विरघळते, गिळायला सोपी आहे. पण तीही कारखान्यात ठरलेल्याच मापांत तयार होते. प्रिंटर रुग्णालयाच्या औषधालयात आला, की माप मुलाच्या हाती येते.

आक्षेप रास्त आहेत. चार मुलांवरून सार्वत्रिक निष्कर्ष निघत नाही, हे खरेच. म्हणून मोठे अभ्यास व्हायला हवेत. औषध खाऊसारखे दिसले तर मूल ते चोरून खाईल, ही भीतीही खरी आहे. पण ती गोड सिरपलाही लागू पडते, आणि तिचे उत्तर मुलाला न उघडणारे झाकण आणि उंच फळी हेच आहे. दर्जाचा प्रश्न सर्वांत गंभीर. दहाच गोळ्या छापायच्या तर त्यातल्या काही फोडून तपासणे परवडत नाही. प्रत्येक गोळीचे वजन करणे आणि अवरक्त प्रकाशाने ती न फोडता आतले औषध मोजणे हे मार्ग संशोधकांनी दाखवून दिले आहेत. रुग्णाजवळच औषध तयार करण्यासाठी ब्रिटनने 2025 मध्ये स्वतंत्र नियमही लागू केले. तुलना करायची ती कारखान्यातल्या निर्दोष गोळीशी नव्हे, घरी मोडलेल्या गोळीशी; आणि त्या तुकड्याची तपासणी तर कधीच होत नाही.

ज्या औषधाचे मुलांसाठी चांगले सिरप उपलब्ध आहे, तिथे प्रिंटरची गरज नाही. दुर्मीळ आजार, मात्रेतला बारीक फरक आणि तोंडात न धरवणारी चव, हे तीनही जिथे एकत्र येतात तिथे तो हवाच. अशी मुले मोजकी असतात, म्हणून बाजार त्यांच्याकडे वळत नाही. ते काम सार्वजनिक रुग्णालयांनीच अंगावर घ्यायला हवे.