भाजीने पोट भरते काय?

गेल्या श्रावणात आमच्या महाविद्यालयात रक्तदान शिबिर झाले. माझ्या खोलीतील मित्र मोठ्या उत्साहाने बाही वर सारून रांगेत उभा राहिला आणि पाच मिनिटांत बाही खाली ओढून परत आला. त्याचे हिमोग्लोबिन १०.८ निघाले होते. रक्त द्यायला ते निदान १२.५ असावे लागते. गावी पोती उचलणारा, उंचापुरा गडी. चार पोरांसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मुलींच्या रांगेत तर आत गेलेल्यांपेक्षा परत आलेल्याच अधिक दिसल्या. डॉक्टरांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "रात्री काय जेवतोस?" त्याने "भाजी-पोळी" असे सांगितले. ते खरे नव्हते. खाणावळीचा डबा आम्ही एकवेळचाच लावलेला होता. रात्री कधी वडापाव, कधी चहा-टोस्ट, कधी दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांचे पाकीट, अशावर आम्ही झोपत होतो.

हा प्रकार आमच्याच खोलीतला आहे असे समजू नये. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. देशातील पुरुषांत हे प्रमाण चारांत एक असे होते. म्हणजे हा अंक हातात घेतलेल्या आपणांपैकी कितीतरी जण त्यात मोडतात, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. दुपारच्या तासाला डुलकी लागते तिचा दोष आपण बिचाऱ्या प्राध्यापकांना देतो.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या व "पालेभाज्या खा" म्हणून सांगितले. आम्ही तो उपदेश शिरसावंद्य मानला. दुसऱ्या दिवशी पालकाच्या दोन जुड्या आणल्या, चिरल्या, उकडल्या, पाणी ओतून दिले आणि फोडणी घातली. दोन जुड्यांची दोन मुठी भाजी झाली. ती पोळीशी खाल्ली आणि रात्री दहाच्या सुमारास आम्ही दोघेही क्रांती चौकात वडापावच्या गाड्यासमोर उभे होतो. मित्र म्हणाला, "भाजीने का कुठे पोट भरते?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मला एका बाजारकरणीने दिले. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मी अंबाडीची जुडी घेत होतो. मावशीने जुडी पिशवीत टाकता टाकता विचारले, "कण्या हायेत का खोलीवर?" मी म्हटले, "कण्या कशाला? उकडून फोडणी देतो." त्यावर ती शेजारणीकडे पाहून हसली आणि म्हणाली, "नुसता पाला खातोस व्हय रे लेकरा? शेळी हायेस का?"

मी गोदाकाठच्या गावचा. आमच्या घरी अंबाडीची भाजी वर्षानुवर्षे होत आली आहे. पण तिच्यात काय काय पडते हे मी कधी डोकावून पाहिले नव्हते. मराठवाड्यातील अंबाडीच्या भाजीत पाला असतो तसे तूरडाळ, ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणेही असतात, आणि वरून करडईच्या तेलातील लसणाची चरचरीत फोडणी. म्हणजे जिला आपण 'भाजी' म्हणतो ते वास्तविक एका भांड्यातले पुरे जेवण आहे.

आता शास्त्र काय म्हणते ते थोडक्यात पाहू. पालेभाजीत दहांतले नऊ भाग पाणी. तिने पोटात जागा व्यापली जाते, पण ती लवकर रिकामी होते. भूक धरून ठेवायला प्रथिने, थोडा स्निग्धांश आणि दळदार धान्य लागते. उलट, नुसते धान्यही चालत नाही, आणि ह्याचा दाखला आपल्याच दख्खनच्या पठारावरचा आहे. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब कुटुंबांत पेलाग्रा नावाचा रोग आढळे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे खरबरीत चट्टे पडत, हगवण लागे, पुढे बुद्धीला भ्रम होई. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ह्या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्युसीन ह्या घटकाच्या आधिक्याशी जोडला. त्या उपपत्तीवर पुढे पुष्कळ वाद झाले, परंतु ज्वारीच ज्वारी खाणे धोक्याचे ही गोष्ट कोणी नाकारली नाही. ज्वारीत लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे उणे असते ते धान्यात मिळते. अंबाडीच्या भाजीत ही जोडी जमवणाऱ्या बायांना लायसीनचे नावही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की, शेतावर गेलेला माणूस दुपारपर्यंत टिकला पाहिजे.

कृती सांगतो. दोन माणसांना एक मोठी जुडी पुरे. देठ टाकून पाने खुडावीत आणि तीन पाण्यांतून धुवावीत. धुणे आधी, चिरणे नंतर, नाहीतर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे मोरीत जातात. अर्धी वाटी तूरडाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या व मूठभर शेंगदाणे अर्धा तास भिजवून कुकरमध्ये चार शिट्ट्या होईपर्यंत शिजवावेत. अंबाडी मात्र त्यात घालू नये. आम्ही पहिल्यांदा वेळ वाचवायला सगळे एकत्र घातले आणि डाळ शेवटपर्यंत टचटचीत राहिली, कारण आंबटात डाळ शिजत नाही. पाने वेगळी उकडून पिळावीत. फार आंबट वाटले तर पाणी टाकावे, पण सगळे टाकू नये. थोडे राखून भाजीत परतवावे. मग पाने व शिजलेली डाळ एकत्र करून पळीने चांगले घोटावे, हिरवी मिरची वाटून घालावी, हळद-मीठ घालून दहा मिनिटे रटरटू द्यावे. शेवटी कढल्यात तेल तापवून दहा-बारा लसणाच्या पाकळ्या तांबूस कराव्यात, दोन सुक्या मिरच्या टाकाव्यात आणि ती फोडणी ताटात वाढलेल्या भाजीवर घ्यावी. सोबत भाकरी आणि कांदा. आम्हांला भाकरी थापता येत नाही, ती कोपऱ्यावरच्या पोळी-भाकरी केंद्रातून येते. ह्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

त्या रात्री आम्ही वडापावच्या गाड्याकडे गेलो नाही.

एकदा हे सूत्र हाती लागल्यावर घरोघरच्या भाज्यांचा अर्थ उमगू लागला. मेथीत मुगाची डाळ, चुक्याच्या पातळ भाजीत बेसन आणि दाणे, दोडक्यात हरभऱ्याची डाळ, वांग्यात शेंगदाण्याचा व तिळाचा कूट, पिठल्यात शेवग्याच्या शेंगा: पाला किंवा फळ एकटे कुठेच नाही. खाणावळीच्या बटाट्याच्या रश्शाला मात्र आपण उगीच भाजी म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगते तेव्हा त्यात बटाटा-रताळे धरत नाही. हैदराबादच्याच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारसूत्रांत २००० उष्मांकांच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, डाळी ८५ ग्रॅम आणि धान्य २५० ग्रॅम असा हिशेब आहे. आपल्या ताटात धान्याची बाजू भरलेली आणि भाजीची चटणीएवढी असते. तराजू कोणाच्या खोलीत नसतो. पण कमलाबाई ओगले यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याचे माप देऊन महाराष्ट्राला स्वयंपाक शिकवलाच की! रात्रीच्या ताटात शिजलेली भाजी दोन वाट्या आली म्हणजे झाले.

पालेभाजीच्या लोहाविषयी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पाल्यातले लोह अंगी फार थोडे लागते. त्यावर लिंबू पिळले तर ते अधिक शोषले जाते; लिंबू शिजवताना नव्हे, ताटात पिळावे, कारण 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. आणि जेवण झाल्याबरोबर चहा घेतला तर त्यातील टॅनिन लोहाला अडवते. रात्री जागून अभ्यास करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे पथ्य अंबाडी निवडण्यापेक्षा कठीण गेले. चहा तासभर पुढे ढकलला, एवढेच करू शकलो. शिवाय ब-१२ हे जीवनसत्त्व भाजीत नसतेच. त्यासाठी दही-ताक किंवा चालत असल्यास अंडे ठेवावे. आणि ज्याचे रक्त खरोखर कमी आहे त्याने भाजीच्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत. माझ्या मित्राने त्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे तीन महिने घेतल्या.

मुख्य अडचण खर्चाची नसून निवडण्याची आहे. जुडी निवडायला अर्धा तास जातो, आणि हे काम आपले नव्हे अशी मुलांची समजूत असते. माझीही होती. आता आमच्याकडे एक जण निवडतो आणि दुसरा भाषाविज्ञानाच्या टिपणांचे मोठ्याने वाचन करतो. स्वनिम आणि स्वनांतर यांतला फरक मला मेथी निवडतानाच कळला.

हे शहर खाण्यासाठी नावाजलेले आहे ते नान-खलियासाठी. अंबाडीसाठी येथे कोणी प्रवासी येत नाही. परंतु अंबाडी, चुका, शेपू, घोळ, तांदुळजा हे सारे येथल्या बाजारात पावसाळ्यापासून मुबलक असते. उन्हाळ्यात मात्र पाणी आटले की पालेभाजी आधी महागते. माझी आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी यांच्या आठवणी ती सांगे, पण तिचे खरे दुःख वेगळे होते. ती म्हणे, "भाकरीसंगं हिरवं काहीच नव्हतं." तेव्हापासून सुगीत हरभऱ्याचा पाला खुडून सावलीत वाळवून ठेवायचा तिचा नेम कधी चुकला नाही. आता तो नेम आईकडे आला आहे.

ह्या महिन्यात मेथीची जुडी आमच्या ऐपतीबाहेर गेली, तेव्हा मी आईला फोन केला. दोन दिवसांनी गावच्या एस.टी.ने पिशवी आली. तीत हरभऱ्याची वाळली भाजी, कण्या, आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला दाण्याचा कूट होता. ही भाजी हाताने चुरून, भिजलेल्या तूरडाळीबरोबर शिजवायची आणि लसणाची फोडणी द्यायची. पाणी किती घालायचे ते आईने फोनवर सांगितले नाही. "बघून घाल" म्हणाली. आम्ही जरा जास्तच घातले. मित्राने तीत भाकरी कुस्करली आणि पातेले पुसून खाल्ले. पुढच्या शिबिराला नाव द्यायचे की नाही, हे मात्र त्याने अजून ठरवलेले नाही.