एक इमारत, अठरा हजार कंपन्या

कॅरिबियन समुद्रांतील केमन बेटें ब्रिटिश अंमलाखालीं आहेत. त्यांच्या राजधानींत अग्लंड हाउस नांवाची एक पांचमजली इमारत आहे. २००८ सालीं अमेरिकन सरकारच्या हिशेबतपासणी कचेरीनें चौकशी केली, तेव्हां या एका पत्त्यावर १८,८५७ कंपन्या व संस्था नोंदलेल्या आढळल्या! इतकीं माणसें तेथें बसतात कोठें? तीं बसतच नाहींत. तेथें असतो केवळ कायद्यापुरता पत्ता. व्यवहार चालतो न्यूयॉर्कला वा लंडनला.

केमन सरकार नफ्यावर कर घेत नाहीं, नोंदणीची फी मात्र दरसाल घेतें. अनेक देशांच्या भांडवलदारांनीं एकत्र पैसा गुंतवितांना मध्येंच तिसऱ्या देशाचा कर पडूं नये, हा या सोयीचा सरळ उपयोग. परंतु जेथें नफा खरोखर मिळाला, तेथला तो कागदोपत्रीं बेटावर दाखवितां येतो. आणि मालकाचें नांव झांकलें म्हणजे लांचेचा पैसाहि त्याच वाटेनें जातो. २०१६ सालीं पनामांतील एका वकिली कचेरीचीं कागदपत्रें फुटलीं. त्यांतील निम्म्याहून अधिक कंपन्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरच्या निघाल्या.

चुकविलेल्या कराचा बोजा नाहींसा होत नाहीं. बेटावर पत्ता घेणें ज्यांना परवडत नाहीं, अशा पगारदारांच्या व दुकानदारांच्या माथीं तो येतो.