रिकामी जागा हेही एक अक्षर!

'मुळाक्षरे किती?' असे विचारले की मुले स्वर आणि व्यंजने मोजू लागतात. दोन शब्दांमधली रिकामी जागा कोणीच मोजत नाही. संगणकाच्या भाषेत मात्र ती मोजावीच लागते. याचे चांगले उदाहरण म्हणजे 'कोबॉल'.

पगारपत्रके, बँकांची खाती, विम्याचे हिशेब अशा व्यवहारांसाठी ही भाषा अमेरिकेत १९५९-६० साली तयार झाली. बँकांमधून ती आजही वापरात आहे. १९७४ च्या प्रमाणकानुसार तिचा मूळ चिन्हसंच ५१ चिन्हांचा होता: इंग्रजी मोठ्या लिपीतील २६ अक्षरे, १० अंक आणि १५ विशेष चिन्हे. या पंधरांत + - * / = ही गणिती चिन्हे, < आणि >, कंस, स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह, डॉलरचे चिन्ह आणि आपली रिकामी जागा येते.

छोटी लिपी का नव्हती? त्या काळच्या अनेक यंत्रांत प्रत्येक चिन्हासाठी सहा बिट असत. प्रत्येक बिट ० किंवा १, म्हणून एकूण २×२×२×२×२×२ = ६४ वेगवेगळ्या जुळण्या. त्यांत ५१ चिन्हे बसतात. आणखी २६ अक्षरे घेतली की ७७ होतात. ती मावणार कशी? पुढे सात आणि आठ बिटांचे संकेत रूढ झाले. १९८५ च्या प्रमाणकात छोटी लिपी आणि अपूर्णविराम (:) यांची भर पडून संच ७८ चिन्हांचा झाला.

चिन्हे थोडी असली की एकेकाला दोन-दोन कामे करावी लागतात. कोबॉलमध्ये 'एकूण-कर' असे जोडून लिहिले, तर ते एकाच राशीचे नाव ठरते. 'एकूण - कर' असे लिहिले, तर ती वजाबाकी होते. फरक फक्त दोन रिकाम्या जागांचा! पूर्णविरामाचेही तसेच. 'वय ६० हून अधिक असेल तर कर शून्य धर सवलत दे.' या आज्ञेत दोन्ही गोष्टी फक्त ज्येष्ठांना लागू होतात. 'धर' नंतर चुकून पूर्णविराम पडला, की अट तिथेच संपते आणि सवलत सर्वांनाच मिळते. यंत्र कुरकुर करीत नाही. चुकीचा हिशेब मुकाट्याने छापते.

हे बंधन आज्ञावलीच्या शब्दांना आहे. अवतरणचिन्हांतील मजकुरात मात्र त्या संगणकाला ठाऊक असलेले कोणतेही चिन्ह चालते.

मुलांना हे समजावायला संगणक लागत नाही. फळ्यावर 'सरकारने' लिहा आणि वाचायला सांगा. मग 'सर' नंतर थोडी जागा सोडून तेच पुन्हा लिहा. वर्ग हसेल, पण रिकामी जागा हेही एक चिन्ह आहे, हे मुले विसरणार नाहीत.