पाण्याचा ईसी कळला, मातीचं काय?

पोलादपूरच्या उतारावरची तांबडी वरकस जमीन आणि महाडच्या खाली, दासगावच्या बाजूची खाजणालगतची चिकण जमीन. दोन्हीकडे एकाच पिशवीतलं सोयाबीन पेरलं आणि पावसाळा सरल्यावर सारखंच मचूळ पाणी दिलं, तर पीक सारखं येईल का?

सावित्रीकाठी हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी पोलादपुरात गोड असते. महाडच्या खाली तिच्यात भरती शिरते. पावसात पुराचा लोंढा खाऱ्या पाण्याला मागे रेटतो, उन्हाळ्यात ते पुन्हा वर सरकतं. पंचवीस भागांत एक भाग समुद्राचं पाणी मिसळलं, तरी ईसी, म्हणजे विद्युतवाहकतेवरून काढलेलं खारेपणाचं माप (डेसीसीमेन्स प्रति मीटर), दोनच्या घरात जातो.

मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये पिकांच्या क्षार सोसण्याचे आकडे एकत्र मांडले. मातीच्या अर्काचा ईसी ५ होईपर्यंत सोयाबीनचं उत्पन्न टिकतं. भाताचं ३ च्या पुढेच उतरू लागतं. मात्र ५ ओलांडल्यावर सोयाबीन दर एककाला २० टक्क्यांनी घसरतं, भात १२ टक्क्यांनी. गणित मांडून पाहा: ८ वर दोघांचंही उत्पन्न ४० टक्क्यांवर येतं. म्हणून सोयाबीनला 'क्षार सोसणारं पीक' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ते बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम कोसळतं.

या चिवटपणामागची गोष्ट मला फार आवडते. जी. एच. एबल यांनी १९६९ मध्ये 'ली' आणि 'जॅक्सन' या जातींचा अभ्यास मांडला. 'ली' क्लोराइड मुळातच अडवते, 'जॅक्सन' ते पानांपर्यंत जाऊ देते आणि पानं करपतात. दोघींचा संकर करून, पुढच्या पिढ्यांच्या पानांतलं क्लोराइड मोजून एबल यांनी दाखवलं की हा फरक मुख्यतः एका जनुकाचा आहे. डीएनए वाचण्याची सोय नसताना! ते जनुक प्रत्यक्ष हाती लागायला २०१४ उजाडलं. आज त्याच्या शोधाचं कौतुक होताना एबल यांचं नाव आधी घ्यायला हवं.

पण जनुक कितीही चांगलं असलं, तरी ते मातीचा निचरा सुधारत नाही. वरचे आकडे मातीच्या अर्काचे आहेत, पाण्याचे नव्हेत. निचरा चांगला असेल तर २ ईसीच्या पाण्यानं मातीचा ईसी साधारण ३ वर थांबतो. पोलादपूरच्या जांभ्याच्या मातीत हे जमण्यासारखं आहे: पाणी झिरपतं, क्षार बरोबर नेतं. तिथली अडचण वेगळी, ओल टिकत नाही. दोन पाण्यांच्या मधे माती सुकली की उरलेल्या ओलीत क्षार दाटतात. खाजणालगत उलट. तिथं भूजल उथळ आणि खारं असतं. वरून ऊन तापलं की वातीतून तेल चढावं तसं ते चिकणमातीतून वर येतं आणि क्षार मुळांपाशी ठेवून उडून जातं. तिथं ईसी ५ च्या आत राखणं फार अवघड.

म्हणूनच कुंडीतल्या प्रयोगांचे निकाल थेट शेताला लावू नयेत, असं मी आग्रहानं म्हणतो. कुंडीच्या बुडाला भोक असतं, खाजणाच्या बुडाला नसतं.

मग खारभूमीत भात कसा होतो? पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं त्यासाठी खास जाती काढल्या, हे एक कारण. दुसरं म्हणजे खाचरात कोंडलेलं पावसाचं पाणी क्षार खाली दाबतं आणि भात त्यात आनंदानं उभा राहतो. सोयाबीनला ती सोय नाही. साचलेल्या पाण्यात त्याची मुळं गुदमरतात. शिवाय नत्र पुरवणाऱ्या मुळांवरच्या गाठींना झाडापेक्षा आधी क्षार बाधतात. पान हिरवं दिसत असताना खाली गाठी कमी झालेल्या असू शकतात. एखादं रोप उपटून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

महाडचा मुसळधार पाऊस दरवर्षी बरेचसे क्षार धुऊन नेतो, हे खरं. पण समुद्राच्या पाण्यातलं सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतं. क्षार धुऊन गेले की तेच कण सुटे होतात, माती लिबलिबीत होते आणि वाळल्यावर तिच्यावर कडक पापडी धरते. अशा जमिनीला नुसतं गोडं पाणी पुरत नाही, जिप्सम लागतं आणि पाणी बाहेर काढायला चरही लागतात. तांबड्या मातीतले लोहाचे ऑक्साइड कणांना बांधून ठेवतात, त्यामुळे पोलादपूरकडे हा धोका बराच कमी.